ज्यांचं पान उघडलंच नाही

लग्नकार्यात चार नातेवाईक भेटले की मला एक प्रश्न हमखास येतो, "तू पुण्यात नेमकं काय काम करतेस?" मी सांगते, "मोबाईलवर पान उघडायला किती वेळ लागतो, ते मोजते." समोरची मुमानी किंवा चाची क्षणभर माझ्याकडे बघते आणि विचारते, "एवढ्याचा पगार देतात?"

तिचं नवल मला समजतं. "नेट स्लो आहे" हे वाक्य आपल्या घरांत दिवसातून दहा वेळा ऐकू येतं, आणि त्याचं निदानही घरातच होतं. मुलगा म्हणतो फोन जुना झाला. अब्बा म्हणतात, पैसे घेऊनही कंपनी फसवते. अम्मी म्हणते, पावसामुळे असेल. तिघांचंही थोडं थोडं बरोबर असू शकतं. पण स्लो म्हणजे कुणासाठी, कुठे, कधी आणि किती, हे मोजल्याशिवाय कळत नाही. आणि मोजताना कोणाला मोजलं व कोण राहून गेलं, हा प्रश्न त्याहून मोठा आहे. माझ्या कामात मला तो सगळ्यात जास्त छळतो, म्हणून आज त्याविषयीच लिहिते आहे.

मी ज्या छोट्या कंपनीत आहे, ती दहावी-बारावीच्या मुलांना धड्यांचे व्हिडिओ आणि सराव प्रश्नपत्रिका मोबाईलवर पुरवते. हे धडे कुठल्या तरी सर्व्हरवर, म्हणजे मोठ्या कॉम्प्युटरवर ठेवलेले असतात. समजा तो सर्व्हर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आहे. मुंबईपासून ते अंतर बारा हजार किलोमीटरहून जास्त. समुद्राखालच्या काचेच्या तंतूंतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणजे निरोप जाऊन उत्तर परत यायला, वाटेत कुठेही न थांबता, सेकंदाचा आठवा भाग तरी हवाच. ऐकायला हे काहीच नाही. पण पान उघडताना अशी एकच फेरी होत नाही. आधी जोडणी करायची, मग ती सुरक्षित करायची, मग कुठे हव्या त्या गोष्टीची मागणी करायची. पहिलं अक्षर दिसेपर्यंत जवळपास अर्धा सेकंद गेलेला असतो आणि चित्रं, व्हिडिओ अजून यायचेच असतात.

यावरचा उपाय आपल्या गावच्या किराणा दुकानासारखा आहे. पावशेर साखर हवी म्हणून दापोलीहून कुणी वाशीच्या घाऊक बाजारात जात नाही. दुकानदाराने पोतं आधीच आणून ठेवलेलं असतं. इंटरनेटवर अशी दुकानं ठिकठिकाणी मांडणाऱ्या व्यवस्थेला कंटेंट डिलिव्हरी नेटवर्क म्हणतात, थोडक्यात सीडीएन. मूळ सर्व्हर कुठेही असो, धड्याची एक प्रत मुंबईत, एक चेन्नईत, एक सिंगापूरला ठेवायची. ज्याने मागितली त्याला जवळच्या दुकानातून द्यायची. दुकानात नसेल तर दुकानदार घाऊक बाजाराकडे माणूस पाठवतो, तेव्हा पहिल्या गिऱ्हाइकाला थांबावं लागतं आणि पुढच्यांना लगेच मिळतं.

ही कल्पना जुनी आहे. १९९५ च्या सुमारास वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत आपल्या सहकाऱ्यांपुढे इंटरनेटवरच्या गर्दीची अडचण मांडली होती. तिथले गणिताचे प्राध्यापक टॉम लेटन आणि त्यांचा विद्यार्थी डॅनी लेविन यांनी त्यावर काम केलं आणि १९९८ मध्ये अकामाय ही कंपनी उभी राहिली. पुढे २००८ मध्ये अ‍ॅमेझॉनने क्लाउडफ्रंट आणलं, मग क्लाउडफ्लेअर, फास्टली अशा कंपन्या आल्या. आज आपण मोबाईलवर बातमी वाचतो, कपडे बघतो, बयान किंवा पाककृतीचा व्हिडिओ लावतो, तेव्हा बहुतेक वेळा अशाच एखाद्या दुकानातून माल येत असतो. आपल्याला त्या दुकानाचं नावही ठाऊक नसतं.

२०२४ च्या पावसाळ्यानंतर आमच्या कंपनीत प्रश्न आला की दोन सीडीएन कंपन्यांपैकी कुणाशी करार करायचा. त्यांना मी इथे पहिली आणि दुसरी असंच म्हणेन. दोघींनी आपापले तक्ते पाठवले आणि दोघींच्याही तक्त्यात त्याच सर्वांत वेगवान होत्या. त्यात खोटं काही नव्हतं. मुंबईच्या डेटा सेंटरमधल्या एका कॉम्प्युटरने मुंबईतल्याच दुसऱ्या कॉम्प्युटरला हाक मारली आणि ओ यायला किती वेळ लागला ते मोजलं. पण डेटा सेंटरमधल्या कॉम्प्युटरला दहावीची परीक्षा द्यायची नसते. त्याला चोवीस तास वीज असते, जाड वायर असते, थंड हवा असते. आमचा धडा बघणारी मुलगी पडवीच्या कोपऱ्यात बसते, कारण माजघरात रेंज येत नाही. तिच्या हातातला फोन मोठ्या भावाने वापरून दिलेला असतो आणि त्या दिवसाचा दीड जीबीचा पॅक घरातल्या तिघांत वाटलेला असतो.

म्हणून मी सरांना म्हटलं, "त्यांचे तक्ते बाजूला ठेवू. आपण आपल्या मुलांच्याच फोनवर मोजू."

याला खऱ्या वापरकर्त्यांची मोजणी म्हणतात. २०१२ मध्ये वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने ब्राउझरमध्येच एक घड्याळ बसवण्याचं मानक पक्कं केलं. पत्ता शोधायला किती वेळ गेला, जोडणीला किती, पहिला अंश कधी आला, शेवटचा कधी, हे सगळं तेव्हापासून ब्राउझर स्वतःच टिपून ठेवू शकतो. सेडेक्सिस नावाच्या कंपनीने तर हाच धंदा केला होता. अनेक वेबसाइटच्या पानांत ती एक छोटा प्रोग्राम ठेवायची, पान बघायला आलेल्यांचे ब्राउझर वेगवेगळ्या सीडीएनकडून एक छोटी फाईल मागवायचे आणि लागलेला वेळ कळवायचे. २०१८ मध्ये सिट्रिक्सने ती कंपनी विकत घेतली. अशा मोजणीत एक गोम मात्र असते. सगळे जण तीच ती छोटी फाईल मागत असल्यामुळे ती प्रत्येक दुकानात कायम तयार असते. आमचा भूमितीचा सतरावा धडा दिवसातून चार मुलं मागणार. तो दुकानात असेलच असं नाही. तेव्हा मोजायचं तर आपलाच माल मोजायला हवा.

आम्ही धड्याच्या पानाला लागणारी एक खरी फाईल दोन्ही कंपन्यांकडे ठेवली. मुलाने पान उघडलं, त्याचं काम झालं, की मागे ती फाईल एकदा पहिलीकडून आणि एकदा दुसरीकडून यायची. कोण आधी, हे दर वेळी चिठ्ठी टाकल्यासारखं बदलायचं. कारण फोन थोडा वेळ निवांत पडला की त्याचा रेडिओ झोपतो. पहिल्या मागणीला तो उठवायचा वेळ सोसावा लागतो, दुसरीला आयती जागी वाट मिळते. एकीलाच रोज आधी पाठवलं असतं तर तिच्यावर अन्याय झाला असता. फाईल मुद्दाम लहान ठेवली आणि प्रत्येक मुलाऐवजी वीसातल्या एकाच्याच फोनवर मोजणी लावली, कारण पॅक त्यांच्या पैशांचा होता. नाव, फोन नंबर, काय बघितलं, यातलं काही नोंदवलं नाही. फक्त लागलेला वेळ, मोबाईल कंपनी, ढोबळ ठिकाण आणि घड्याळातली वेळ. आणि मोजणी चालू आहे हे पानाच्या तळाशी मराठीत लिहिलं. लेकीबाळींच्या हातातल्या फोनमधून कोण काय टिपून घेतं, ही काळजी आपल्या प्रत्येक घरात आहे. ती मलाही आहे.

सगळ्यांवर लावण्याआधी मी ही मोजणी आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर करून पाहिली. कोकणातल्या कुठल्याही मुस्लिम घरासारखं आमचंही घर जगभर पसरलेलं आहे. भाईजान दोह्याला, मामू मुंब्र्याला, मी पुण्यात आणि आपा दापोली तालुक्यातल्या खाडीकाठच्या गावी, तिच्या सासरी. मी दोन लिंक पाठवल्या आणि कोणती आधी उघडते ते कळवा म्हटलं. भाईजानने लिहिलं, "दोन्ही सारख्याच." मामूंनी अंगठा पाठवला. आपाच्या फोनवरून माझ्या भाचीने लिहिलं, "खाला, दुसरी उघडली. पहिली अजून फिरतेच आहे." थोड्या वेळाने पुन्हा, "आता उघडली. मी मध्ये भाकऱ्या थापून आले."

तिघांच्या उत्तरांवरून करार ठरत नाही. पण शोधायचं कुठे, ते त्यावरून कळलं.

तीन आठवड्यांनी आमच्या मुलांचे आकडे जमले. सगळ्यांची सरासरी काढली तर पहिली कंपनी थोडी पुढे होती आणि ती स्वस्तही होती. तिथे थांबलो असतो तर निर्णय पाच मिनिटांत झाला असता. सरासरी कशी गोड बोलते ते एका हिशेबाने दाखवते. हे आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत.

समजा दहा मुलं आहेत. पहिल्या कंपनीकडून नऊ मुलांचं पान १ सेकंदात उघडतं आणि दहाव्या मुलीचं ३१ सेकंदांनी. बेरीज ४०, सरासरी ४ सेकंद. दुसऱ्या कंपनीकडून नऊ मुलांना ३ सेकंद लागतात आणि दहाव्या मुलीला १३. बेरीज पुन्हा ४०, सरासरी पुन्हा ४. कागदावर दोघी बरोबरीत. पण पहिल्या कंपनीकडे चार सेकंद थांबलेलं मूल एकही नाही. नऊ जण खूश आहेत आणि एक मुलगी पाढे म्हणत बसली आहे.

आता पुढची पायरी बघा. ३१ सेकंद कोण थांबतं? समजा दहावी मुलगी वीस सेकंदांनी कंटाळली आणि तिने पान बंद केलं. पान पूर्ण उघडल्यावरच वेळ कळवला जात असेल, तर तिचा वेळ आमच्यापर्यंत पोहोचणारच नाही. मग पहिल्या कंपनीकडे नऊच मुलं उरली, प्रत्येकी १ सेकंद. सरासरी १ सेकंद! ती मुलगी गेली म्हणून कंपनी चौपट चांगली दिसायला लागली.

हे नुसतं गणितातलं कोडं नाही. यूट्यूबमध्ये काम केलेले क्रिस झकारियास या इंजिनिअरने २०१२ मध्ये आपला असाच अनुभव लिहून ठेवला आहे. यूट्यूबचं व्हिडिओचं पान तेव्हा सुमारे १.२ एमबी झालं होतं. त्यांनी काटछाट करून ते १०० केबीच्या आत आणलं. पान बारापट हलकं झालं, तेव्हा ते लवकर उघडायला हवं. पण आकडे आले ते उलटे. सरासरी वेळ वाढला होता. ते चक्रावले. मग देशांप्रमाणे आकडे वेगळे केले, तेव्हा उलगडा झाला. आग्नेय आशिया, दक्षिण अमेरिका, आफ्रिका, सायबेरिया इथून नवी माणसं येऊ लागली होती. त्यांना हलकं पान उघडायलाही दोन मिनिटांहून जास्त लागत होती. म्हणजे जुनं पान उघडायला वीस मिनिटं लागली असती. वीस मिनिटं कुणी थांबत नव्हतं, म्हणून ती माणसं आधी मोजणीत नव्हतीच. पान हलकं झालं, ती आत आली आणि सरासरी बिघडली. बिघडलेला आकडा ही खरी चांगली बातमी होती.

गूगलसुद्धा २०१७ पासून क्रोम वापरणाऱ्या लोकांचे असे आकडे जाहीर करतं. चांगल्या पानाचा त्यांचा एक निकष असा की पानाचा मुख्य भाग चारांतल्या तिघांना अडीच सेकंदांच्या आत दिसला पाहिजे. निकष सरासरीपेक्षा खूप बरा आहे. तरी मी तो वाचते तेव्हा मनात येतं, चौथा कोण?

चौथ्याला शोधायचं म्हणून मी आकडे जिल्ह्यांप्रमाणे मांडले. तिथे वेगळीच गंमत. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, बीड, नंदुरबार या नावांसमोर फारच थोड्या नोंदी, आणि मुंबई-पुण्यासमोर ढीग. आमची एवढी मुलं मुंबईत कुठून आली? मग लक्षात घ्यावं लागलं की मोबाईलचं नेट टॉवरवरून थेट जगात जात नाही. ते आधी मोबाईल कंपनीच्या मोठ्या शहरातल्या केंद्रात जातं आणि तिथून बाहेर पडतं. बाहेरच्याला तो फोन त्या शहरातला वाटतो. माझी भाची खाडीकाठी बसून धडा बघत होती आणि आमच्या तक्त्यात तिचा मुक्काम मुंबईत होता. गाव शहराच्या नावाखाली झाकलं गेलं होतं.

मग जिल्ह्याचा नाद सोडला आणि मोबाईल कंपनीप्रमाणे व वेळेप्रमाणे आकडे मांडले. आता चित्र उघडं पडलं. एका मोबाईल कंपनीच्या ग्राहकांसाठी, खास करून रात्री आठ ते अकरामध्ये, पहिली सीडीएन फार मागे पडत होती. वाट तपासली तर कारण सापडलं. पहिल्या कंपनीचं दुकान मुंबईत होतं, पण त्या मोबाईल कंपनीशी तिची मुंबईत पुरेशी थेट जोडणी नव्हती. गर्दीच्या वेळी मुलांची मागणी सिंगापूरला जाऊन परत येत होती. मुंबई ते सिंगापूर सुमारे ३,९०० किलोमीटर. नुसत्या जाण्यायेण्याला सेकंदाचा पंचविसावा भाग. चांगल्या नेटवर हे कळतही नाही. पण रेंज कमी असली की वाटेत तुकडे गळतात, गळलेला तुकडा पुन्हा मागवावा लागतो आणि प्रत्येक वेळी तीच लांबची फेरी होते. शेजारच्या गल्लीत दुकान असून मधली भिंत बंद असावी आणि पूर्ण मोहल्ल्याला वळसा घालून जावं लागावं, तसं हे.

आणखी एक रकाना मी जोडला. किती मुलांनी पान मागितलं ते आमच्या सर्व्हरला कळतं. किती मुलांच्या फोनने "पूर्ण उघडलं" असं कळवलं, तेही कळतं. दोन्हींतला फरक म्हणजे मध्येच सोडून गेलेली मुलं. काही आठवडे आम्ही अर्ध्या मुलांना प्रत्यक्ष धडाच पहिलीकडून आणि अर्ध्यांना दुसरीकडून दिला, तेव्हा या रकान्यात दुसरी कंपनी स्पष्टपणे चांगली ठरली. तिच्याकडे वाट अर्धवट सोडणारी मुलं कमी होती. म्हणूनच तिच्या सरासरीत जास्त वाट बघणारी मुलं होती आणि म्हणूनच ती सरासरीत मागे दिसत होती.

बैठकीत मी हे मांडलं. सर म्हणाले, "अशी मुलं एकूण किती? थोड्यांसाठी सगळ्यांचा खर्च वाढवायचा का?"

मी म्हटलं, "सर, शहरातल्या मुलाला कोपऱ्यावर क्लास आहे. आपलं पान उघडलं नाही तर तो संध्याकाळी क्लासला जाईल. आपल्याला पैसे देऊन सकाळ-संध्याकाळ आपल्यावरच अवलंबून कोण आहे? जिच्या गावात क्लास नाही, ती."

सर थोडा वेळ तक्ता बघत राहिले. ते स्वतः परभणीकडच्या एका खेड्यातून आलेले. "आमच्या वेळी पुस्तक तालुक्याहून यायचं," एवढंच म्हणाले. करार दुसऱ्या कंपनीशी झाला.

पण खरं सांगायचं तर नुसत्या कराराने आपाच्या घरचं पान झटकन उघडायला लागलं नाही. दुकान कितीही जवळ आणलं तरी दुकानापासून घरापर्यंतची पायवाट राहतेच. टॉवरपासून फोनपर्यंतचा तो शेवटचा टप्पा कुठल्याही सीडीएनच्या हातात नसतो. डोंगर आड येतो, पावसात वीज जाते, एकाच टॉवरवर पाच वाड्या लटकलेल्या असतात. म्हणून आम्ही दुसरं कामही हाती घेतलं. प्रत्येक धड्याचं हलकं रूप तयार केलं. शिक्षकांचा आवाज, फळ्यावरच्या आकृत्यांची स्थिर चित्रं आणि खाली टिपण. मूळ व्हिडिओच्या तुलनेत त्याचं वजन अगदी किरकोळ. आणि ते एकदा उतरवून ठेवलं की पुन्हा नेट लागत नाही.

२०२५ मध्ये दहावीची परीक्षा आणि रमजान एकमेकांत आले. त्या दिवसांतले आकडे मी बघत होते. इफ्तारनंतर सगळा गाव फोनवर, तेव्हा वेळ वाढलेला. आणि पहाटे साडेचार ते सहामध्ये काही फोनवर धडे भराभर उतरलेले. सहरी उरकली, फजर झाली, अजून गाव नेटवर आलेला नाही, एवढ्या वेळात मुलं दिवसाचा अभ्यास फोनमध्ये भरून घेत होती. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. आपाने फोनवर सांगितलं, "ती आता सहरीनंतर झोपतच नाही. म्हणते, टॉवर मोकळा आहे तोवर घेते." परीक्षा तिने चांगली दिली. त्याचं श्रेय तिचं आणि तिच्या अम्मीचं.

सुट्टीत पुण्याला आली तेव्हा मी तिला तक्ता दाखवला. बराच वेळ बघून तिने विचारलं, "खाला, यात मी आहे का?" मी सांगितलं, "काही दिवशी आहेस. ज्या दिवशी कंटाळून फोन ठेवलास आणि पुस्तक उघडलंस, त्या दिवशी पहिल्या तक्त्यात नाहीस. नव्या रकान्यात आहेस." ती म्हणाली, "मग तो रकाना मोठा करा ना, दिसतच नाही." त्या दिवसापासून आमच्या तक्त्यात तो रकाना पहिला आहे आणि अक्षरही मोठं केलं आहे.

वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी हीच रडकथा असेल. म्हणून चार गोष्टी सांगून थांबते. नेट अडलं की आधी बघा, एकच अ‍ॅप अडलं आहे की सगळंच. सगळंच अडलं असेल तर दोष बहुधा रेंजचा किंवा टॉवरवरच्या गर्दीचा. जागा बदला, वेळ बदला. एकच अडत असेल आणि शेजारच्या वेगळ्या कंपनीच्या सिमवर तेच नीट चालत असेल, तर दोष वाटेत कुठेतरी आहे आणि तो दुरुस्त होऊ शकतो. अशा वेळी त्या अ‍ॅपमधल्या तक्रारीच्या जागी चार ओळी लिहा. गाव, तालुका, सिम कोणत्या कंपनीचं, दिवस आणि वेळ. नुसतं "चालत नाही" लिहिलं तर माझ्यासारखीला काही शोधता येत नाही. गाव आणि वेळ लिहिली तर येतं.

आपल्याकडे, विशेषतः बायका आणि मुली, न बोलता फोन बाजूला ठेवून देतात. आपलाच फोन जुना, आपल्यालाच जमत नसेल, असं धरून चालतात. आपाही तसंच करायची. आता ती तारीखवार लिहून पाठवते आणि दर सोमवारी ऑफिसात आल्यावर मी तक्त्याआधी तिचा निरोप वाचते.